रिकाम्या गाडीचं वजन

बत्तीस हंगाम जिनगोंडा चौगुले
साखर कारखान्याच्या काट्यावर बसले.
भरलेली गाडी, मग रिकामी गाडी,
मधला फरक तेवढा ऊस.
आता दुधगावात, न्हाणीच्या दाराशी,
रोज सकाळी स्वतःच चढतात काट्यावर
आणि काकूंना हाळी देतात, ‘लिही, भरलेली!’

मिरजेहून सोडताना एस्तेर सिस्टरनं बजावलं होतं:
तीन दिवसांत दोन किलो वाढलं
तर ते मांस नव्हे, पाणी.
वाट बघत बसू नका.

चौथ्या दिवशी एकसष्ट चारशे.
सातव्या दिवशी त्रेसष्ट सहाशे.
शाहीनताई आशा घोट्यावर अंगठा दाबून बसल्या.
खड्डा भरून यायला लागला तेवढा वेळ
कुणीच बोललं नाही.

मग फोन.
आरोग्य केंद्राला वाटलं, मीठ.
मिरजेला वाटलं, पाणी जास्त होतंय.
मला दुकानात बसून वाटलं,
माझ्याच हातून गोळी बदलून गेली असणार.
बिलबुक तीनदा चाळलं. हात गार.

लोणच्याची बरणी महिनाभर बंद आहे, काकू म्हणत राहिल्या,
आणि खरं बोलत होत्या.

शाहीनताईंनी पाकिटं पलंगावर ओतली.
सकाळची संपत आलेली.
रात्रीची पट्टी अख्खी, एक घर फुटलेलं नाही.
‘अहो, दिवस मावळल्यावर
हे पाणीसुद्धा घेत नाहीत,’
काकू म्हणाल्या, जणू हे सगळ्या जगाला माहीत असतं.

मला होतं की माहीत.
शेजारच्याच गल्लीत वाढलो मी,
त्यांच्या घरची ताटं उजेडी वाजताना ऐकत,
आणि पाकिटावर चंद्रकोर काढून दिली.

मिरजेचे डॉक्टर ओपीडीतूनच बोलले:
सकाळची सहाला, दुसरी साडेपाचला, चालेल.
पाण्याच्या गोळीचं त्यांनी केंद्राच्या डॉक्टरांशी ठरवलं.
एस्तेर सिस्टरनं विचारलं,
‘शेवटचा घास किती वाजता?’
कार्डावर असा रकाना नव्हता.
पुढच्या पेशंटच्या कार्डावर तिनं तो पेननं आखला.

मी चंद्र खोडला.
पिवळं स्केचपेन नव्हतं, निळ्यानंच
अर्धा सूर्य काढला, खाली एक रेघ.

आज बासष्ट.
वहीत त्यांनी स्वतः लिहिलं,
काट्यावरच्या जुन्या, उभ्या आकड्यांत.
बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गेला, तो संपेपर्यंत थांबले.
‘मग माझी रिकामी गाडी किती धरायची?’
‘एकसष्ट,’ शाहीनताई म्हणाल्या.
‘विचार करून सांगा.
एकदा नोंद झाली की
आमच्यात खाडाखोड चालत नाही.’