नाक

पहाटे चार वाजता ब्रनोच्या त्या गारठलेल्या स्टुडिओत
मी ड्राहोमीराचं नाक चिकटवायचे.
रबराचं, वाकडं. टोकाला चामखीळ,
चामखिळीवर तीन केस. माझ्याच भुवईचे.

सुकेपर्यंत हसायचं नाही, असं बजावलं
की हमखास तिला हसू फुटायचं;
नाक पुन्हा पहिल्यापासून.

सिनेमात ती मुलांना पिंपात कोंबते.
आठवतो तो हात, मागून मानेवर येणारा?
अख्ख्या देशाची पोरं पांघरुणात शिरली होती.
त्याआधीचं कॅमेऱ्यात नाही:
ती दोन्ही हात काखेत दाबून उभी,
लांब नखं बरगड्यांत रुततायत,
आणि ओठ आकडे मोजतायत, साठपर्यंत.
वीतेकच्या मानेला गार लागू नये म्हणून.

दिग्दर्शक वैतागला, पोरगा घाबरतच नाही,
एकदा न सांगता जा त्याच्या अंगावर.
ती नाही म्हणाली.
वीतेकपाशी उकिडवी बसली,
"तू कुणाला घाबरतोस रे?"
"दातांच्या डॉक्टरला."
"बरं. मग आज मी तोच."
ती किंचाळी तुम्ही ऐकली आहे.

पुढे कितीतरी वर्षं
ती पाव आणायला मुलं उठायच्या आत जायची.
बेकरीवाला मागच्या दारातून द्यायचा,
ऊन ऊन, कागदात.

ती गेल्यावर भाचीने मला बटणांचा डबा दिला.
तळाशी नाक. कडक, तडकलेलं.
चामखिळीवर दोनच केस.

संध्याकाळपर्यंत बटणं उपसत
तिसरा शोधत बसले.