लु-पासून सुरू होणारे शब्द

हिल्ये डोळ्यांनी लिहिते.
हात गेले त्याला अडीच वर्षं झाली, जीभ नंतर गेली,
डोळे तेवढे मागे राहिले,
शेवटची फेरी चुकलेल्या उतारूंसारखे.

पडद्यावरच्या एखाद्या अक्षराकडे ती बघत राहते
आणि यंत्र पुढचा शब्द आपणहून पुढे करतं.
आ घेतला की आइतॅह. म्हणजे आभारी आहे.
त्याच्या खाली आकेन. म्हणजे खिडकी.
खिडकी हवी असेल तर नजर दोन बोटं खाली न्यायची,
आणि दोन बोटं म्हणजे संध्याकाळपर्यंतचा दम.

म्हणून वर्षभर ती आभारच मानते आहे.
नर्स म्हणते, किती गोड स्वभाव हो तुमच्या बायकोचा!
मी मान डोलावतो.
कुरेसारेच्या शाळेत चाळीस वर्षं बीजगणित शिकवलं तिनं,
पोरं छडीला नाही भ्यायची इतकी तिच्या भुवईला भ्यायची.
आमच्या लग्नात नोंदणी कचेरीतल्या बाईचं व्याकरण
तिनं सहीआधी दुरुस्त केलं होतं.

यंत्र बसवायला तार्तूहून रीवो आला, विशीतला पोरगा.
म्हणाला, त्यांचं जुनं लिखाण द्या, म्हणजे हे त्यांच्यासारखं बोलेल.
मी कपाट उपसलं. पत्रं, किराण्याच्या याद्या,
फ्रिजवरच्या चिठ्ठ्या: एन्देल, माशाला वास येतोय.
अकरा पत्रं मात्र मागे ठेवली.
त्या हिवाळ्यातली, जेव्हा ती बहिणीकडे जाऊन राहिली होती
आणि मला काय वाटेल याची फिकीर न करता लिहीत होती.
तेव्हा आता हे जे बोलतं
ते मी निवडलेल्या बायकोसारखं बोलतं.

मी बोटीवर मेकॅनिक होतो. विर्त्सु ते कुइवास्तु, एकतीस वर्षं.
वर चाक फिरतं, खाली सुकाणू वळतं,
मध्ये साखळी, तेल, आणि जरासा उशीर.
त्या उशिरावर माझं पोट चाललं.
वाटणं आणि शब्द यांच्या मध्ये काय असतं?
तिथंही कुणी तेलकट हातांचा बसलाय का?
आणि त्यानंच हळूच थोडं वळवलं,
तर वरच्याला कळतं,
की त्यालाही पुढे वाटू लागतं
इथंच तर यायचं होतं आपल्याला?

मार्चमधल्या एका मंगळवारी तिनं ल घेतला. मग उ.
लुमी, म्हणालं यंत्र. लुगु. लुबा.
बर्फ, गोष्ट, परवानगी.
तिनं तिन्ही नाकारले.
चाळीस मिनिटं लागली.
दोनदा यंत्रानं सुधारून बर्फ केला,
दोनदा तिनं बर्फ पुसला.
शेवटी उरलं: लुर्प.

असा शब्द नाही.
कोशात नाही, बेटावरच्या बोलीत नाही,
शेजारच्या म्हाताऱ्या लाइनेला विचारलं, ती नुसतीच हसली.
मग ती अकरा पत्रं काढली, सगळी वाचली, एका रात्रीत.
तिथंही नाही.
रीवो फोनवर म्हणाला, नजर घसरली असेल, स्नायू थकतात.
असेल.
पण घसरलेली नजर दोनदा बर्फ पुसते?

तिलाच विचारलं. तिनं डोळे मिटले.
डोळ्यांनी बोलणारं माणूस डोळे मिटतं
तेव्हा तो खोलीबाहेर गेल्याचा आवाज असतो.

तीन आठवडे गेले. सकाळी तिनं ल घेतला
आणि यंत्रानं सगळ्यांच्या वर, ठळक अक्षरांत, पुढे केलं: लुर्प.
शिकलं होतं बिचारं.
हुशार कुत्र्यानं
पुरलेली वस्तू उकरून पायाशी आणून ठेवावी, तसं.
ती बघत राहिली.
चोर सापडल्यासारखी, की स्वतःच सापडल्यासारखी,
मला सांगता येणार नाही.
मग ल पुसला. आ घेतला.
नजर दोन बोटं खाली नेली.

मी उठून खिडकी उघडली.
खाडीवरून गार वारा आत आला, बर्फ तडकल्याचा आवाज आला.
पडदा पुढच्या अक्षराची वाट बघत
लुकलुकत होता.
मीही तिथंच उभा होतो.