सनद

रुवीच्या सनद केंद्रात आमचा नंबर एक्केचाळीस.
शाळेत मोडी वाचताना भेटलेला हा शब्द
इथं दुकानाच्या पाटीवर लागलाय, शेजारी झेरॉक्सचा भाव.
एसीतून पाणी टपकतं, नेमकं फाईलवर.

हमजा दोन बोटांनी टाइप करतो.
मुलगी? मुलगी.
तुमचीच?
मी ओरोसच्या कोर्टाचा हुकूम पुढे सरकवतो,
मागे मंत्रालयाचा गोल शिक्का, दिल्लीचा स्टिकर,
अरबी भाषांतर, त्यावर भाषांतर करणाऱ्याचा वेगळा शिक्का.
इतकं सगळं मिळून एक बाप.

या फॉर्मात दत्तकाचा रकाना नाही, साहेब.
कफाला लिहू?

कफाला. म्हणजे मी तिचा कफील.
माझा कफील इब्रीचा, अकरा वर्षांत दोनदा दिसलेला,
एकदा ईदला, एकदा माझा हात मशीनमध्ये गेला तेव्हा.
माझं या देशातलं असणं त्याच्या सहीवर.
तिचं माझ्या.
शब्द तोच, फक्त त्याला माझा ताप मोजावा लागत नाही.

तापाचं आठवलं.
वादी कबीरच्या दवाखान्यात नर्सनं विचारलं,
घरात कोणाला डायबेटिस?
माझ्या आईला, मी म्हणालो, सवयीनं.
तिनं लिहूनही घेतलं.
रात्री परत फोन केला, खोडा ते, माहीत नाही लिहा.
आईचं? वडिलांचं?
दोन्हीकडचं.
पलीकडे थोडा वेळ फक्त पंख्याचा आवाज.

बायको म्हणते, झोपेत ओठ मुडपते ते तुझ्यासारखं.
मी काही बोलत नाही.
कुठल्याशा वाडीत कुणीतरी
असेच ओठ मुडपून आत्ता भांडी घासत असेल.
तिच्या नावाला कोर्टानं पाकिटात बंद केलंय,
ते आम्ही उघडलं नाही. फेकलंही नाही.

आमच्याकडे म्हणतात पोटची, नाहीतर मांडीवरची.
दोहोंत अंतर वीतभर.

अन्य, असा रकाना आहे, हमजा म्हणतो, त्यात टाकतो.
टाक.
इथं येऊन सही करा.

दुर्वा कधीची झोपलीय, तोंड उघडं,
माझ्या पँटवर लाळेचा डाग.
कागद इकडेच आण बाबा, मी म्हणतो,
उठता येत नाही,
मांडीला मुंग्या आल्यात.