तांत्रिक कारणास्तव

मार्केट यार्डात गुळाच्या काट्यावर
आम्ही बॅग मोजून घेतली होती.
पंधरा किलोला दोनशे ग्रॅम जास्त.
ह्यांनी उद्यमनगरच्या सवयीनं एक डोळा बारीक केला,
"दोनशे ग्रॅम म्हणजे रिजेक्शनच की."
मग कांदा-लसूण चटणीचा डबा
माझ्या पर्समध्ये आला.

गल्लीनं नारळ देऊन पाठवलं.
शिरगुप्पे काकूंनी किल्ली घेतली.
निजामभाईंचं पोरगं म्हणालं,
वरनं आमच्या टाकीला हात कर.
नंदूनं ओठांना रंग लावला होता,
त्र्याहत्तर दिवसांनी.
मी मोजत नव्हते.
आपोआप मोजले जातात.

उजळाईवाडीला, काचेपलीकडं,
गळ्यात पट्टा घातलेला मुलगा
आमच्याकडं न बघता म्हणाला,
तांत्रिक कारणास्तव
आजचं हैदराबाद रद्द.

कारणास्तव.
हा शब्द आमच्या घरी आधीच येऊन गेलाय.
पौषात, व्हॉट्सॲपवर, सांगलीहून:
"काही घरगुती कारणास्तव
आम्ही पुढे जाऊ शकत नाही."
खाली जोडलेल्या हातांचं चित्र.
कसलं कारण, कुणाच्या घरातलं,
विचारायला ह्यांनी तीनदा फोन लावला
आणि तीनदा त्यांची रिंगटोन
शेवटपर्यंत ऐकून ठेवून दिला.
त्या शब्दाच्या पोटात हात घातला
तर हाताला काही लागत नाही.
नुसता गार वारा.

गल्लीत तोंड कसं दाखवायचं?
नारळ अजून पिशवीत होता, शेंडीसकट.
ह्यांनी रिक्षा राजाराम तलावाला थांबवली.
म्हणाले, अंधार पडू दे.
पस्तीस वर्षं लेथपुढं उभा राहिलेला माणूस
इस्त्रीच्या पँटीत दगडावर बसला,
बॅगेची दांडी
वर-खाली, वर-खाली करत.

मी दशम्यांचं फडकं सोडलं.
भूक कुणालाच नव्हती. सगळ्या संपल्या.
चटणीनं नंदूच्या डोळ्यांत पाणी आलं,
मग ते चटणीपुरतं राहिलं नाही.
मी उठणार, तर ह्यांनी माझा पदर धरला.
पाण्यावर एक पाणकोंबडी
बुडत होती, भलतीकडंच निघत होती.
तेवढ्या वेळात तीच बघितली मी.

मग नंदूनं नाक पुसलं.
"पप्पा, खिडकीची सीट पण माझीच होती."
आणि हसायला लागली, कशी कोण जाणे.
"दोन्ही बुकिंगं माझ्या नावावर,
दोन्ही कॅन्सल. ह्याचे पैसे तरी परत मिळतात काय?"
ह्यांनी मोबाईल चष्म्याला लावला.
"सात दिवसांत, म्हणतोय.
हॉलवाला तर फोनसुद्धा उचलत नाही."

मला वाटलं, आता हे काहीतरी शहाणं बोलतील,
बिघडलेला जॉब वितळवतात, पुन्हा ओततात,
असलं काहीबाही.
हे म्हणाले,
"दशमी आहे का गं अजून?"

अंधार करून गल्लीत शिरलो
तर शिरगुप्पे काकू बाहुबलीला गेलेल्या,
कमरेला आमची किल्ली घेऊन.
ह्यांनी हॅक्सॉ ब्लेड मागून आणलं.
वीस मिनिटं कुलूप कापत होते,
आणि ज्यांच्यापासून लपायला
आम्ही दोन तास डास मारत बसलो होतो
ती सगळी गल्ली
मोबाईलच्या बॅटऱ्या लावून
आम्हाला उजेड धरून उभी.
"जरा डावीकडं धर," हे म्हणत होते,
"दिसंना झालंय."

कुणी काही विचारलं नाही.
फक्त निजामभाईंचं पोरगं:
"ताई, विमान बघितलंस?"
"बघितलं की. लांबनं. गप्प उभं होतं.
रविवारी चल, दाखवतो तुला."

दुसऱ्या दिवशी दुपारी
मी तोच नारळ खवत होते.
दाराला कुलूप नव्हतं, नुसती कडी.
छपरावरनं आवाज गेला.
तिघांनीही वर पाहिलं,
वर नुसते पत्रे.
ह्यांनी घड्याळ बघितलं.
"आज वेळेत आहे," म्हणाले.