चवीचा रकाना

ऑगस्टचा तिसरा शनिवार. अक्रोडाखाली टेबल,
टेबलावर तराजू, मीठ, सुरी, पाव
आणि नेद्याल्काची निळी वही.
छत्तीस उन्हाळे तिच्यात दाटीवाटीनं बसलेत.
डावा रकाना माझा : झाडामागे किती किलो.
उजवा तिचा : चव.

मी तेवीस वर्षं कॅनिंगच्या कारखान्यात काट्यावर होतो.
मारित्साकाठचे सगळे टोमॅटो माझ्या डोळ्यांखालून गेले,
एकही चाखला नाही.
काटा खोटं बोलत नाही, असं मी म्हणायचो.
काटा बोलतच नाही, असं ती.

यंदाचा डावा रकाना :
प्लामेनच्या पॉलिहाउसमधला संकरित,
त्याला नाव नाही, नंबर आहे. साडेनऊ किलो,
सगळे गणवेशातले.
इदेआल, सासऱ्यांच्या वेळेपासूनचा, पाच सातशे.
पिवळा नासपती, तोडता तोडता बोटं दुखतील
इतका बारका, तरी तीन भरला.
बैलकाळीज, गुलाबी, दोन किलो शंभर,
त्यातले अर्धे देठापाशी तडकलेले
आणि एक गोगलगायीनं आधीच चाखलेला.

व्यवहार म्हणाल तर इथेच संपला.

पण फेब्रुवारीतल्या तापानं
नेद्याल्काची जीभ कोरी करून टाकली.
कॉफी म्हणजे कढत पाणी. लसूण म्हणजे नुसता कुरकुर आवाज.
मिठाचा खडा तोंडात धरून ती डोळे मिटते,
दार कोणी वाजवतंय का, तसं ऐकते.
म्हणून यंदा मी खायचं, तिनं लिहायचं.

संकरित कापला. "कसा आहे?"
"चांगला आहे."
तिनं पेन खाली ठेवलं.
"चांगला तर आपला जावईही आहे. चव सांग."
मी पुन्हा चावलं. "ओला आहे."
तिनं लिहिलं : ओला.

मग मी मागची पानं उलटली, नक्कल करावी म्हणून.
सत्त्याण्णव, बँका बुडाल्यावरचा उन्हाळा :
'इदेआल. सरळ माणूस. उधारी ठेवत नाही.'
दोन हजार पाच, पुराच्या साली :
'बैलकाळीज. पाणचट. रुसलाय. माफ केलं.'
नासपतीपुढे एका वर्षी फक्त
'पोरं कुठे गेली?'
आणि त्याच ओळीत, माझ्या अक्षरात, दोन किलो नऊशे.
शेजारची ओळ मी इतकी वर्षं
कधी वाचलीच नव्हती.

बैलकाळजाला सुरी लावावी लागत नाही, दाखवावी लागते.
रस मनगटावरून कोपरापर्यंत गेला.
आधी काहीच लागलं नाही.
मग जड, मऊ, जवळजवळ मटणासारखं.
मग गिळून झाल्यावर, मागून, काहीतरी.
"काय?" ती पुढे झुकली.
"थांब."
"काय रे?"

"तू पहिल्यांदा फाटकाशी टोपली उतरवलीस," मी म्हणालो,
"डोक्याला हिरवा रुमाल होता. हातांना पानांचा वास.
मी वहीत दोनशे ग्रॅम जास्त लिहिले होते."

ती बराच वेळ पावाचे तुकडे गोळा करत राहिली.
"माहीत आहे," म्हणाली,
"घरून तोलूनच आणली होती."

उजव्या रकान्यात तिनं लिहिलं :
'दोनशे ग्रॅम जास्त.'
आणि सवयीनं सुरी चाटली.
मी तिच्या तोंडाकडे पाहिलं.
तिनं मान हलवली. नाही.

संध्याकाळी बैलकाळजाच्या बिया
धुऊन वर्तमानपत्रावर पसरल्या.
मोजल्या मी. एकशे चार.
कडेला एक जागा रिकामी होती,
तिथे तिनं संकरिताच्याही चार टाकल्या.
"त्या आईवर जात नाहीत," मी म्हणालो.
"बघू तर," ती म्हणाली, "कोणावर जातात."