पस्तीस

समुद्र इथून एका रात्रीच्या बसवर आहे.
ब्रनोमधल्या या चौथ्या मजल्यावर
दर शनिवारी मी तो बादलीत ढवळते:
गाळलेलं पाणी, पांढऱ्या डब्यातलं मीठ,
लाकडी पळी – सूपाची नव्हे, वेगळी.

ऑक्टोबरात मशालीच्या पोवळ्यानं
बोटं आत घेतली.
आधी वाटलं, रुसलंय.
मग कडेचं मांस मागं सरकलं
आणि खालचा सांगाडा उघडा पडला,
हिरडी सोडलेल्या दातासारखा.

मी घाबरत नाही. बत्तीस वर्षं
ट्रामच्या डेपोत मीटर तपासले आहेत.
बिघाड म्हणजे काय, एक टोक धरायचं
आणि मागं मागं जायचं.
सुतावरून स्वर्ग गाठायचा नाही.
वही काढली.
क्षारता आठ. कॅल्शियम चारशे वीस.
नायट्रेटच्या कुपीत फिकट गुलाबी, हवं तेवढंच.
तापमान पंचवीस.
खारेपणा पस्तीस.
पस्तीस. पस्तीस. पस्तीस.
पानभर एका सरळ रेषेत,
बघून बरं वाटावं असं.

मग दिवा दोन वीत वर उचलला.
पंपाचं तोंड काचेकडे फिरवलं,
शिक्षा केलेल्या मुलासारखं.
खालच्या वोंद्राचकोवाबाई जिना फिनेलनं पुसतात,
त्यांच्याशी बोलणं टाकलं.
शेवटी पिवळा मासा.
तो पोवळ्याला टोचताना मी पाहिला होता.
म्हणजे, पाहिल्यासारखं वाटलं होतं.
पिशवीत घालून झ्बिनेकच्या दुकानात नेऊन दिला.
ट्रामचे चार थांबे
तो माझ्या मांडीवर गोल गोल फिरत होता.

पोवळं तसंच.
नोव्हेंबरात दुसरंही मिटलं.

राद्मिला नाताळच्या आधी आली,
दोन वर्षांनी. बूट न काढता दारातच उभी.
ती औषधांच्या कारखान्यात द्रावणं तपासते.
टाकी पाहिली, वही पाहिली.
"कशानं मोजतेस?"
मीठ मोजायची ती छोटी दुर्बीण मी पुढं केली.
"ही पडली होती का कधी?"
नाही म्हणायला तोंड उघडलं
आणि मे महिन्यातला स्वयंपाकघरातला आवाज आठवला.
उचलली होती, एप्रनला पुसली होती.
काच फुटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती अंगठ्याएवढी बाटली घेऊन आली,
त्यावर तिच्या बारीक अक्षरात: ३५.
भिंगावर एक थेंब. डोळा लावला.
निळ्या-पांढऱ्याची सीमा
तीसवर उभी.

म्हणजे मी पस्तीस म्हणत होते तेव्हा चाळीस होतं.
सात महिने, दर शनिवारी,
गाळून, ढवळून, जीव लावून
मी त्यांच्या संसारात मिठाचा खडा टाकत होते
आणि वहीत सुवाच्य अक्षरात
सगळं ठीक असल्याचं लिहीत होते.
चोर माझ्या हातात होता,
संन्यासी पिशवीत.

राद्मिला काही बोलली नाही.
तिचे बूट चटईवर होते.
कधी काढले, मला कळलं नाही.
"आता एकदम गोडं ओतू नकोस," एवढंच म्हणाली,
"आहेत तीही फाटतील. रोज दोन मग."

रोज दोन मग.
बाहेर बर्फ साचतोय, आत मी समुद्र पातळ करतेय.

पिवळा मासा विकला गेलाय.
ओलोमोउत्सचं कुणीतरी होतं,
झ्बिनेकला याहून जास्त आठवत नाही.
वोंद्राचकोवाबाईंकडे व्हॅनिलाची बिस्किटं नेली.
त्यांनी घेतली, कारण विचारलं नाही.
दुसरं पोवळं गेलं. सांगाडा मी ठेवलाय,
त्यावर गोगलगाय चढते उतरते.

आज सकाळी, दिवा लागायच्या आधी,
मशालीचं एक बोट बाहेर होतं.
एकच. टोकाशी हिरवट.

दुर्बीण टाकून दिली नाही.
तिच्या पाठीवर कागदाची पट्टी चिकटवलीय:
पाच मिळव.
डोळा लावायच्या आधी
ती आता दर वेळी वाचावी लागते.