श्वास धरून ठेवा

सकाळी सात ते दुपारी तीन
मी बायकांच्या छातीचे फोटो काढते.
फहाहीलच्या एका जुन्या इमारतीत, तळमजल्यावर,
जिथे इकामा हवा असलेल्या प्रत्येकीला
एकदा तरी त्या थंड फळीला छाती टेकून उभं राहावं लागतं.
हनुवटी वर. खांदे पुढे. केस वर बांधा.
श्वास घ्या. धरून ठेवा. हलू नका.
एवढं मला आता पाच भाषांत येतं.
'कशी आहेस' मात्र दोनच भाषांत.

तीननंतरचा फोटो माझा.
रोज एक. दुसरा काढायचा नाही,
पहिला पुसायचा नाही,
आणि माणसांचा नको,
माणसं तोवर पुरेशी झालेली असतात.

मुद्दाम ठरवून सुरू केलं नव्हतं.
पर्समधून फोन काढताना बोट लागलं
आणि जिन्यातल्या कुणाच्या तरी एकट्या चपलेचा फोटो निघाला.
दुसऱ्या दिवशी चप्पल तिथेच.
वाटलं, हिची नोंद कुणीतरी ठेवायला हवी.

मग एसीच्या नळीखालचा दुधाच्या पावडरचा डबा,
त्यात चोच बुडवणारी चिमणी.
इराण्याच्या भट्टीतली रोटी, खालच्या वर्तमानपत्राची
अरबी अक्षरं वाफेनं पसरलेली.
बाजारात जुबैदी. आपलं पापलेटच ते,
भाव विचारला की परकं होतं.
ऑगस्टात गाडीखाली मांजर,
कुणी वाळत घातल्यासारखं.
रात्री, दोरीवरच्या शर्टांमधून, रिफायनरीची ज्योत.

धुळीच्या वादळाच्या दिवशी नुसता नारिंगी.
कुंदाताई भुसावळहून विचारते, यात काय आहे गं?
म्हटलं, समुद्र आहे समोर.
दिसत नाहीये.
मलाही दिसत नव्हता.

सहाशे अकराव्या दिवशी एक मुलगी आली,
पासपोर्टवर बावीस, अंगावर सतरा.
अमारेच. मी नाव चुकवलं तेव्हा हसली,
मग हळू, दोनदा म्हणून शिकवलं.
केसांची क्लिप काढून ट्रेमध्ये ठेवली,
हिरवी, एक दात तुटलेली.
श्वास घे. धर.
तिनं धरला, शहाण्या पोरीसारखा.

पडद्यावर, उजवीकडे, वरच्या कोपऱ्यात
नखाएवढा ढग.

'सोड' म्हणायला मला उशीर झाला.
काचेपलीकडे ती तशीच, फळीला टेकलेली,
गाल फुगवून, वाट बघत.

निदान मी करत नाही, मी फक्त फोटो काढते.
डॉक्टर बघतात. पुन्हा बोलावतात, मी पुन्हा काढते,
ढग तिथेच असतो. शिक्का मारणारा शिक्का मारतो.
विमानाचं तिकीट कुणी तिसराच काढतो,
त्याला तिचं नाव नीट म्हणता येत असेल असं नाही.

क्लिप पहिल्याच दिवशी ट्रेमध्ये राहिली होती.
दुसऱ्या खेपेला द्यायची म्हणून खणात ठेवली
आणि दुसऱ्या खेपेला माझा खण उघडलाच गेला नाही.
त्या दिवशीचा फोटो तिचा, खणातच काढलेला.
कुंदाताई म्हणाली, रंग छान आहे, कुणाची?
म्हटलं, आलेली एक.

आज सहाशे सत्तर.
कॉर्निशवर ओहोटी, शेवाळलेल्या दगडावर
बोटाएवढा खेकडा, एक नांगी वर केलेला.
फोन उचलला, नेम धरला,
आणि ध्यानात आलं, माझा श्वास अडलाय.
खांदे पुढे. हनुवटी वर.
रोजच अशी उभी राहत असणार मी,
आजवर बघितलं नव्हतं कुणी.

तेवढ्यात खेकडा गेला.
निघाला तो ओला दगड, थोडा हललेला.
पुसायचा नाही, ठरलंय.
पाठवला कुंदाताईला.